वरातीच्या घोडीचा हिवाळा

तुळशीची लग्ने लागली की छत्तीसगडातल्या भिलाईत लग्नसराई उघडते. सुपेला, पॉवर हाऊस, नेहरूनगर आणि पलीकडचे दुर्ग, कुठल्याही मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी संध्याकाळी एक पांढरी घोडी उभी दिसते. पाठीवर जरीची मखमली झूल, कपाळावर तुरा, पायात घुंगरू आणि लगाम धरून उभा असलेला, मफलर गुंडाळलेला माणूस. टांग्यांचे दिवस सरले. शहरात घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. देशभर चित्र असेच आहे: 2012च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात असलेली घोडी आणि तट्टे 2019च्या गणनेत साडेतीन लाखांच्याही आत आली. जी उरली, त्यांतल्या कित्येकांचे पोट थंडीतल्या लग्नांवर चालते.

थंडीत घोड्याचे काय करायचे, असे विचारले की दहापैकी नऊ जण एकच उत्तर देतात: अंगावर काहीतरी घाला आणि खुराक वाढवा. गूळ, बाजरी, चण्याचा भरडा, कुणी तूप, कुणी चक्क दारूचा घोट. प्रेम असते त्यामागे, पण हिशेब चुकतो. भिलाईची थंडी घोड्याला मारत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा साधारण 10 ते 13 अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा 27-28 वर चढतो. आखूड केसांच्या, थंडीची सवय नसलेल्या घोड्यालाही ऊब टिकवायला खास कष्ट पडू लागतात ते साधारण 5 अंशांच्या खाली. दाट केसांची उत्तरेकडची घोडी तर बर्फात उघड्यावर राहतात. आपल्याकडच्या घोड्याला या महिन्यांत त्रास होतो तो घामाचा, कोरड्या पोटाचा आणि बंद तबेल्याचा.

आधी पोटाचे पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने फारच लहान, 8 ते 15 लिटरचे. त्याच्या मागे मात्र मोठ्या आतड्याची प्रचंड पिशवी असते. वैरणीतले तंतू तिथे जिवाणू आंबवतात आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघते. घोड्याची शेगडी ती. चंदी, म्हणजे हरभरा, मका, ओट, जवाचा भरडा, बरीचशी अलीकडच्या लहान आतड्यातच पचून जाते. तिने कामाला जोर येतो, पण रात्रभर पुरेल अशी ऊब येते ती गवताने. म्हणून थंडी वाढली तर मूठभर चंदी वाढवण्यापेक्षा पेंडीभर वैरण वाढवावी आणि तीही रात्री. उलट एका वेळी जास्त दाणा घातला, तर न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात उतरते, तिथे आम्ल वाढते आणि पोटशूळ उठतो. कधी त्याच झटक्यात खुरांच्या आतला नाजूक थर सुजतो आणि घोडे पाऊल टाकेनासे होते. घोड्याला उलटी करता येत नाही, हे लक्षात ठेवले तर या चुकीची किंमत कळते.

हिशेब सोपा आहे. मारवाडी जातीचे मध्यम घोडे साडेतीनशे-चारशे किलोचे. त्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडे खाणे लागते, म्हणजे सात-आठ किलो, आणि त्यातला मोठा वाटा वैरणीचाच हवा. चंदी दोन-तीन वेळा विभागून द्यावी, वर खडेमीठ चाटायला ठेवावे.

आता भिलाईची अडचण. विदर्भ-मराठवाड्यात घोड्यापुढे कडबा पडतो. इथे चहूकडे भात, म्हणून पडतो तो पैरा, भाताचा पेंढा. पैऱ्याने पोट भरते, अंग भरत नाही. त्यात सिलिका भरपूर, प्रथिने नावाला. नुसत्या पैऱ्यावर ठेवलेल्या घोड्याचे पोट सुटते आणि पाठीचा कणा मात्र वर येतो. पाहणाऱ्याला घोडे चांगले खाल्लेले वाटते. त्याला जोड हवी ती बरसीम, ओट किंवा लसूणघासाची. बरसीम याच हंगामात हिरवे मिळते. पण पहाटेचे दवाने भिजलेले बरसीम ढिगाने घातले तर पोट फुगते. थोडे सुकू द्यावे, पैऱ्याच्या कुट्टीत मिसळावे. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस होऊन गेला असेल, तर पेंढा उघडून आतला वास घ्यावा. बुरशी लागलेला पैरा आणि त्याहून घातक म्हणजे बुरशी लागलेला मका घोड्याला कधीच घालू नये. मक्यावरच्या एका बुरशीचे विष घोड्याच्या मेंदूवर जाते, आणि त्या विषाला घोड्याइतका नाजूक दुसरा पाळीव प्राणी नाही.

मग येतो तिवरा. आपल्या भंडारा-गोंदियात ज्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात, तेच हे कडधान्य. दुर्ग, राजनांदगाव या पट्ट्यात भात उभा असतानाच, चिखलात ओल असेपर्यंत, त्याचे बी फेकतात. भात कापला की तिवरा वर येतो. याला उतेरा म्हणतात. थंडीत त्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, पुढे डाळ होते आणि भुसा गुरांपुढे जातो. स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेला असल्यामुळे हरभऱ्याऐवजी तिवऱ्याचा भरडा चंदीत घालण्याचा मोह होतो. घोडेवाल्याने हा मोह टाळलाच पाहिजे. या दाण्यात मज्जातंतूंना मारक असे एक द्रव्य असते. माणसाने दुष्काळात महिनोन्‌महिने तेवढेच खाल्ले तर पाय जातात. इंग्रज अधिकारी स्लीमन याने सागरकडच्या गावांतले असे पांगळे लोक आपल्या 1844च्या पुस्तकात नोंदवले आहेत. घोडा तर याबाबतीत फारच हळवा. 19व्या शतकाच्या अखेरीस ही डाळ इंग्लंडला जाऊन तिथल्या घोड्यांच्या खाण्यात पडली, तेव्हा मागचे पाय लटपटणे आणि धावताना घशातून घरघर आवाज येणे अशी लक्षणे तिथल्या पशुवैद्यांनी लिहून ठेवली. स्वरयंत्राची नस लुळी पडते, श्वासाची वाट अरुंद होते. वरातीत घोडी पावलापावलाने चालते, त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने कळतही नाही. एखाद्या दिवशी फटाक्याला बुजून ती धावली की कळतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे कमी विषाचे वाण काढले आहेत ते माणसाच्या ताटासाठी. बाजारातल्या पोत्यात कुठला वाण आहे, ते दुकानदारही सांगू शकत नाही. बांधावर चरताना चार तोंडे मारली तर काही बिघडत नाही; रोजच्या चंदीत मात्र तिवरा नको.

पाण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागते. थंडीत ते आपणहून कमी पिते, आणि नेमक्या याच महिन्यांत हिरवे गवत आटून खाणे कोरडे झालेले असते. कोरडा पैरा, कमी पाणी. आतड्यात गोळा घट्ट होत जातो. थंडीतल्या पोटशूळाचे हे नेहमीचे कारण. लीद रोज पाहावी. ओलसर, सहज फुटणारे गोळे ठीक. लहान, कडक, चकचकीत गोळे दिसले किंवा लीद कमी पडली, तर त्याच दिवशी सावध व्हावे. हौदात रात्रभर गारठलेल्या पाण्याला घोडे नुसते तोंड लावते. बोअरचे ताजे पाणी पहाटे कोमट लागते. तेच बादलीने समोर धरले की ते पोटभर पिते. भरडा आणि गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात कालवून, चिमूटभर मीठ घालून दिला तर त्यातूनही दोन-तीन लिटर पाणी पोटात जाते. इकडे जवस घरचेच. ते पूर्ण उकळून मूठभर घालण्याची जुनी रीत चांगली आहे, कच्चे मात्र घालू नये.

थंडीचे दिवस हेच घोड्याच्या कामाचे दिवस, हे मराठी माणसाला नवे नसावे. मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे आणि पावसाआधी छावणीला परते. नद्या उतरलेल्या, रानात गवत तयार, ही तिची वेळ. याच छत्तीसगडात 1741 मध्ये भास्करपंत कोल्हटकरांची नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपुरावर आली आणि पुढे 1758 पासून बिंबाजी भोसल्यांचा अंमल बसला, तो घोड्याच्या पाठीवरूनच. आणि थंडीत वैरण तुटली म्हणजे काय होते, याचे आपल्या इतिहासातले सर्वांत कडवे उदाहरण पानिपतच. 1760च्या नोव्हेंबरपासून भाऊसाहेबांची छावणी तिथे अडकली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली वाटही बंद झाली. दाणा नाही, गवत नाही. 14 जानेवारी 1761ला मराठे बाहेर पडले तेव्हा घोडी उपासाने खंगलेली होती. उत्तरेतल्या त्या गारठ्याची चर्चा आपल्याकडे फार होते. पण भरल्या पोटाच्या घोड्याने तो गारठा सोसला असता, असे मला वाटते.

वरातीकडे येऊ. संध्याकाळी सातला घोडी सजते, वरात दहाला हलते, अकरा-साडेअकराला नवरदेव उतरतो. मध्ये डीजे, फटाके, नाचणाऱ्यांची गर्दी. मखमलीखाली घोडी घामाने निथळते. घाम कामाचा असतो तसा भीतीचाही. मग झूल निघते आणि ओले अंग घेऊन ती बारा अंशांत चार-पाच किलोमीटर डांबरी रस्त्याने घरी चालत जाते. घोड्याच्या अंगावरचे केस थंडीत उभे राहतात आणि मधली हवा धरून ठेवतात. भिजले की चिकटतात आणि ही सोय संपते. म्हणून वरात संपल्यावरची पहिली वीस मिनिटे महत्त्वाची. तंग आधी दोन भोके सैल करावा, जीन लगेच ओढून काढू नये. गोणपाटाने किंवा पेंढ्याच्या बोळ्याने मान, छाती, पोटाखालचा भाग केसांच्या उलट दिशेने खसाखसा पुसावा. हळूहळू चालवावे. तळहात कोपरामागे लावून पाहावा. तिथे ओल असेल तर अंग अजून वाळलेले नाही. घरी पोचल्यावर खरारा, आणि झूल घालायचीच तर कोरड्या अंगावर कोरडी. घामेजल्या अंगावर टाकलेले ब्लँकेट सकाळपर्यंत ओलेच राहते.

दमलेल्या घोड्याला पाणी देऊ नये, असा एक पक्का समज आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींतली घोडी वाटेत दर टप्प्याला पाणी पितात आणि त्यांना काही होत नाही. कोमट पाणी थोडे थोडे करून द्यावे. थांबवायचे ते दाण्याचे. घाईघाईने पुढे ठेवलेली चंदी घातक, आधी वैरण. वरपक्षाला एक सुचवावेसे वाटते: पाचशे माणसांच्या जेवणाचा बेत ठरतोच, त्यात फाटकापाशी एक बादली पाणी घोडीसाठी ठेवायला काही पडत नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, 37 अंशांवर पारा गेला की दुपारी बारा ते तीन जुंपू नये. रात्रीचा गारठा आणि डीजे यांचा विचार त्या काळी कुणी करायचे कारण नव्हते.

तबेल्याबाबत एकच सांगतो, कारण तिथे चूक मायेपोटी होते. थंडी लागू नये म्हणून पत्र्याच्या खोलीला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावतात, कोपऱ्यात शेकोटी पेटवतात. मुताचा अमोनिया, पैऱ्याची धूळ आणि धूर घोड्याच्या फुफ्फुसात जातो. फेब्रुवारीपर्यंत जो खोकला राहतो तो याचा. वाऱ्याची बाजू अडवावी, वरची फट उघडी ठेवावी, खाली कोरडा पेंढा जाड अंथरावा.

नवे घोडे घेण्याची वेळही हीच. मार्गशीर्षात नांदेडकडे माळेगावची खंडोबाची जत्रा भरते, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार. नुकरा, कुमैत, पंचकल्याणी, अबलख, पाहिजे त्या रंगाचे घोडे मिळते. बाजारात आणलेले घोडे गूळ-दाण्याने गुटगुटीत केलेले असते. ते ट्रकने लांबचा प्रवास करून आले आणि दुसऱ्या दिवशी पैऱ्यावर बांधले, की पोटशूळ ठरलेला. विकणाऱ्याकडून त्याच्याच चाऱ्याचे एक पोते विकत घ्यावे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा. घोडे महिनाभर वेगळे बांधावे, त्याची बादली वेगळी. ग्लँडर्सची रक्ततपासणी करूनच घ्यावे. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि निदान पक्के झाले तर घोडे दयामरण देऊन संपवावे लागते.

नोव्हेंबरात घोडे वाळू लागले तर ‘थंडीने उतरले’ असे म्हणून सोडून देऊ नये. पावसाळ्यात गोमाशांनी पसरवलेला सर्रा हा रोग तेव्हाच रंग दाखवतो: येत-जात राहणारा ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, खाणे चालू असूनही खंगणे. रक्ताच्या थेंबात वळवळणारा त्याचा जंतू 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खानकडच्या घोड्यांत आणि उंटांत प्रथम पाहिला. रक्ततपासणीत निदान होते, औषधही आहे. गुळाने तो जात नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास. लग्ने थांबतात, तेव्हा मालकाला हात मोकळा मिळतो. जंताचे औषध, धनुर्वाताची लस, दातांच्या धारदार कडा घासून घेणे, सगळे या चार आठवड्यांत उरकावे. नालबंदालाही याच वेळी बोलवावे, संक्रांतीच्या आदल्या दिवशी नव्हे. खिळा जिवंत भागाच्या जवळ गेला असेल तर घोडे त्याच दिवशी लंगडतेच असे नाही. कधी तीन-चार दिवसांनी, खूर आतून पिकू लागल्यावर लंगडते. पहिल्या वरातीआधी नाल बसून आठवडा झालेला असला, म्हणजे ते घरीच कळते आणि नाल काढून उपचार करायला वेळ मिळतो.