नर्मदामाईची परिक्रमा : पायी की सायकलीवरून?

कार्तिकी एकादशी उलटली की ओंकारेश्वरच्या घाटावर संकल्प सोडून, कुपीत नर्मदाजल घेऊन, नदी उजव्या हाताला ठेवीत निघणाऱ्या परिक्रमावासीयांत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. आणि अलीकडे त्यांपैकी ज्यांस कचेरीकडून महिना-दीड महिन्याचीच रजा मंजूर होते, ते सायकलीचा विचार करू लागले आहेत. हा विचार शास्त्रसंमत आहे काय, असे पुष्कळदा विचारले जाते. परंपरेचा मुख्य निर्बंध नर्मदेचे पात्र ओलांडू नये हा, आणि तो सायकलस्वारासही पाळता येतो. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेत तर तेथील यात्रेकरू-कचेरीने हा वाद नियमानेच मिटविला आहे : किमान 100 किलोमीटर पायी किंवा 200 किलोमीटर सायकलीवरून आल्याचे शिक्के दाखवावेत आणि दाखला घ्यावा. आमच्याकडेही आश्रमांचे शिक्के वहीवर घेण्याची चाल आहे. पण एका पावलास दोन चाकांचा असा भाव कोणी ठरविलेला नाही, हे बरेच झाले.

नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर; म्हणजे दोन्ही तट मिळून 2600 किलोमीटरांहून अधिक वाट. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्यास चार महिने सहज लागतात; सायकलस्वार सहा आठवड्यांत परत येऊ शकतो. परंतु चाकास सडक लागते, आणि सडक काही नदीच्या ताबेदारीत नसते. दक्षिण तटावर बडवानीच्या पुढे सातपुड्याचे डोंगर पात्राला असे भिडलेले आहेत की, रस्त्याने जाणाऱ्यास खेतिया, शहादा, प्रकाशा असा वळसा घ्यावा लागतो, आणि नर्मदेचा नेम धरून निघालेला गृहस्थ तापीच्या काठी येऊन उभा राहतो! पायी जाणारा त्या वेळी शूलपाणीच्या झाडीत असतो, जेथे पूर्वी परिक्रमावासीयाच्या अंगावरील वस्त्रेही लुटली जात आणि जेथील पाड्यांवर आज त्याला बोलावून चहा दिला जातो. मात्र पायी जाणाऱ्यानेही फार अभिमान बाळगू नये. बरगी, पुनासा आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्याखाली जुनी तटवाट ठिकठिकाणी बुडाली आहे, आणि मैयाचे दर्शन कित्येक दिवस त्यालाही दुर्लभ होते.

माझ्या मते निवडीचे गमक आहे ते सूर्यास्ताच्या वेळेत. दिवसभर चालून थकलेल्या माणसास जे गाव लागेल तेथेच आसन लावावे लागते. मग ती धर्मशाळा असो, शाळेची पडवी असो की एखाद्या केवटाचे अंगण. 'नर्मदे हर' म्हणून दाराशी उभे राहायचे, सदाव्रतात मिळालेला शिधा चुलीवर शिजवायचा, आणि ज्या घरात स्वतःपुरतेच पीठ आहे त्या घराने त्यातले अर्धे पुढे केले असता ते नाकारण्याचा आपणास अधिकार नाही हे ओळखायचे, हे सुशिक्षित, पगारदार मनुष्यास चढणीपेक्षा अवघड जाते. सायकलस्वारास पुढचे मोठे गाव तासाभराच्या अंतरावर असते. तेथे लॉज असते, खानावळ असते, आणि खिशात पैसे असल्यामुळे मागण्याची वेळच येत नाही. तो सुखरूप पोहोचतो, पण कोणाचाही ऋणी न होता. अमरकंटकच्या घाटात सायकल ढकलताना त्याचा जो घाम निघतो त्याविषयी मला आदर आहे; तरी याचनेची जागा श्रमाने भरून निघते असे मला वाटत नाही.

म्हणून ज्यांचे गुडघे चालण्यास असमर्थ आहेत, त्यांनी नि:शंकपणे सायकल घ्यावी, मुक्काम तेवढे शहरांत न करता तटावरच्या लहान गावांत करावेत, आणि सागरसंगम पार करणारी होडी भरतीच्या वेळेवर सुटते, तीत सायकल घेतील की नाही याची आगाऊ चौकशी करावी. ज्यांची अडचण केवळ रजेची आहे, त्यांच्यासाठी खंड-परिक्रमेचा मार्ग मोकळा आहे : यंदा जेथे थांबलो तेथूनच पुढच्या वर्षी चालू लागायचे. आणि ज्यांस आपल्या पायांचा अंदाजच नाही, त्यांनी चैत्रात गुजरातेतील रामपुरा-तिलकवाडा परिसरातील सुमारे 21 किलोमीटरांची उत्तरवाहिनी परिक्रमा आधी चालून पाहावी. ती एका दिवसात होते, आणि तीत नदी ओलांडण्याचीही मुभा आहे.