शेंगदाणा तेलाची झडती

बेलियर चाचणी : शेंगदाणा तेलात ॲराकिडिक, बेहेनिक अशी लांब साखळीची मेदाम्ले असतात. अल्कोहोलमध्ये ती सहज विरघळत नाहीत. म्हणून आधी तेलाचा साबण करायचा, आम्ल घालायचे, अल्कोहोलमध्ये द्रावण करून हळूहळू थंड करायचे. गढूळपणा ३९ ते ४१ अंश सेल्सिअसला दिसला, तर तेल भारतीय मानकात बसते. भेसळीने हा आकडा सरकतो.

रंगांची साक्ष
• हाल्फेन चाचणी : लाल रंग आला, तर सरकीच्या तेलाचा संशय.
• बोडुआँ चाचणी : हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरॉलने गुलाबी-किरमिजी रंग, म्हणजे तिळाचे तेल. (याच खुणेसाठी भारतात वनस्पती तुपात ५ टक्के तीळतेल सक्तीचे होते, साजूक तुपातली भेसळ त्यामुळे पकडता येई.)

आयोडीन मूल्य : असंतृप्ततेचे माप. शेंगदाणा ८५-९९, खोबरेल फक्त ७.५-१०.

गॅस क्रोमॅटोग्राफी : मेदाम्लांचा पूर्ण ताळेबंद. शेंगदाणा तेलात पामिटिक आम्ल साधारण १० टक्के, पामतेलात ४०च्या पुढे. त्यामुळे पामतेल लपत नाही.

भेसळ की मिश्रण? लेबलवर जाहीर केलेले, प्रत्येक तेल किमान २० टक्के असलेले दोन तेलांचे मिश्रण कायदेशीर असते.