ब्रेक मारला आणि ब्रेक दिला

आजचे दोन शब्द भोसरीपासून चाकणपर्यंत रोज कानावर पडतात, आणि देवनागरीत दोन्ही आपण ‘ब्रेक’ असेच लिहितो. इंग्रजीत एक बी-आर-ए-के-ई, म्हणजे गाडी थांबवणारा. दुसरा बी-आर-ई-ए-के, म्हणजे तुटणे, तोडणे, खंड पडणे. ब्रेक लायनर, ब्रेक ड्रम पहिल्यातले; टी-ब्रेक, ब्रेकडाऊन दुसऱ्यातले. ट्रकच्या मागे ‘एअर ब्रेक’ चुकीच्या स्पेलिंगने रंगवलेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. त्यामुळे काही ट्रक थांबायचा राहत नाही!

आम्हाला गंमत वाटते ती वेगळी. स्पेलिंग सोडून दिलं तरी मराठीने क्रियापदात फरक धरून ठेवलाय. गाडीचा ब्रेक मारतात, दाबतात. दुसरा घेतात, मिळतो, किंवा देतात. ‘सात महिन्यांनी ब्रेक दिला’ हे वाक्य चाकण, महाळुंगेच्या कुठल्याही कामगारांच्या रूमवर ऐकायला मिळेल.

हा ‘दिलेला’ ब्रेक जरा नीट बघू. ऐकणाऱ्याला तो पहिल्यासारखा वाटतो: थोडं थांबायचं, गावी जाऊन यायचं, पुन्हा त्याच गेटातून आत. पण ब्रेक मारल्याने गाडीचं मीटर शून्यावर जात नाही. कागदावरचा शब्द दुसरा असतो, सेवेत खंड, आणि तिथे मीटर पुन्हा शून्यापासून.

सातच महिने का? औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-ब कलमाने बारा महिन्यांत २४० दिवस काम म्हणजे एक वर्षाची सलग सेवा धरली. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत २४० दिवस अखंड सेवा भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद आली. सात महिने म्हणजे साधारण २१२ दिवस. हिशेब तुम्हीच करा. रविवार आणि पगारी सुट्ट्याही या २४० मध्ये धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं.

आणि कुणी कागदावर ‘खंड’ लिहिला म्हणून कायद्याने तो मानलाच, असं नाही. आजारपण, मंजूर रजा, अपघात, कामगाराचा दोष नसताना बंद पडलेलं काम, यांनी सेवा तुटत नाही असं तेच २५-ब कलम म्हणत होतं. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली. मात्र दिवस भरल्याचा पुरावा आधी कामगारालाच पुढे करावा लागतो. त्यामुळे ब्रेकवर जाताना पगाराच्या स्लिपा रूमवरच्या गादीखाली सोडून जाऊ नका.