ट्रॅकिओस्टॉमी लवकर की उशिरा? गट कसे पाडायचे ते समजून घेऊ

ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवणं. पेशंट बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहणार असेल तर तोंडातली नळी काढून ही बसवतात. त्याने पेशंटला आराम पडतो, गुंगीचं औषध कमी लागतं. पण रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोकाही असतोच. मग ही लवकर करावी की थोडं थांबावं?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे! आयसीयूचे जुने केस पेपर काढू, 'लवकर केलेले' आणि 'दहाव्या दिवसानंतर केलेले' असे दोन गट पाडू आणि मृत्यू मोजू. गडबड इथेच होते. दहाव्या दिवसानंतर छिद्र पाडायला पेशंट तोवर जिवंत तर हवा ना? सहाव्या दिवशी दगावलेला उशिराच्या गटात येऊच शकत नाही. आठव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून सुटलेलाही येत नाही. म्हणजे आकडे खरे, पण तुलना चुकीची.

ब्रिटनमधल्या 'ट्रॅकमॅन' चाचणीने हे टाळलं. तिचे निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ९०९ पेशंट घेतले आणि सुरुवातीलाच चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले: एकात चार दिवसांच्या आत ट्रॅकिओस्टॉमी, दुसऱ्यात दहा दिवस थांबून, तेव्हाही गरज असेल तरच. ३० दिवसांतला मृत्युदर निघाला ३०.८ आणि ३१.५ टक्के. म्हणजे जवळपास सारखाच.

पण खरी गंमत पुढे आहे. थांबलेल्या गटात प्रत्यक्षात फक्त ४४.९ टक्के लोकांची ट्रॅकिओस्टॉमी झाली. बाकीच्यांपैकी काही तोवर सुधारले, काही दगावले. मात्र हिशोबात त्यांना वगळलं नाही. ज्याला ज्या गटात टाकलं, तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजला. म्हणूनच दिसलं की कोणाला व्हेंटिलेटर दीर्घकाळ लागेल, हे अनुभवी डॉक्टरांनाही आधी नीट ओळखता येत नाही. घाई केली असती तर कित्येकांच्या गळ्याला विनाकारण छिद्र पडलं असतं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायच्या आधी कागदावर एक रेघ ओढा. मोजणी कुठल्या दिवसापासून सुरू होते, ती खूण करा. तुमचा गट त्या खुणेनंतर घडलेल्या गोष्टीवरून ठरत असेल, तर तिथेच थांबा आणि गट पुन्हा ठरवा.