ऑनलाइन क्रेडिट कार्ड भरणा प्रक्रिया

ऑनलाइन क्रेडिट कार्ड भरणा प्रक्रिया म्हणजे ग्राहकाने संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये क्रेडिट कार्डाने केलेला भरणा पडताळून त्याची रक्कम व्यापाऱ्याच्या बँक खात्यात जमा करणारी कार्यपद्धती होय. या प्रक्रियेत मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसे मिळणे हे दोन वेगळे टप्पे असतात. मंजुरी काही सेकंदांत मिळते, पैसे मात्र नंतर येतात आणि काही परिस्थितीत ते परतही घेतले जाऊ शकतात. या लेखात प्रामुख्याने भारतातील पद्धतीचे वर्णन आहे.

सहभागी घटक

कार्डधारक व व्यापारी यांच्याखेरीज या प्रक्रियेत पुढील घटक असतात:

• कार्ड देणारी बँक : ग्राहकाला कार्ड व उधारीची मर्यादा देते.
• व्यापाऱ्याची बँक : व्यापाऱ्याच्या वतीने कार्डाचे भरणे स्वीकारते.
• कार्ड नेटवर्क : दोन्ही बँकांमधील संदेशांची देवाणघेवाण व हिशेब सांभाळते. उदा. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे.
• पेमेंट गेटवे : कार्डाची माहिती सुरक्षितपणे पुढे पाठवणारी तांत्रिक सेवा. ती पैसे हाताळत नाही.
• पेमेंट अ‍ॅग्रिगेटर : अनेक व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे स्वीकारून ते त्यांना पोहोचवणारी संस्था.

गेटवे आणि अ‍ॅग्रिगेटर यांतील हा भेद भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केला. बँकेतर अ‍ॅग्रिगेटरला जमा झालेली रक्कम बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवावी लागते.

टप्पे

पडताळणी : ग्राहकाने भरलेली माहिती सांकेतिक रूपात गेटवेकडे जाते. ऑनलाइन व्यवहारात कार्ड व्यापाऱ्यासमोर नसल्याने कार्डधारकाची ओळख पटवणे महत्त्वाचे ठरते. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अशा देशांतर्गत व्यवहारांना अतिरिक्त पडताळणी बंधनकारक केली. सध्या त्यासाठी मुख्यतः मोबाइलवर येणारा ओटीपी वापरला जातो.

मंजुरी : व्यापाऱ्याच्या बँकेची विनंती नेटवर्कमार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. ती बँक कार्डाची वैधता, शिल्लक मर्यादा आणि फसवणुकीची शक्यता तपासून होकार किंवा नकार कळवते. होकार दिल्यास तेवढी रक्कम ग्राहकाच्या मर्यादेतून राखून ठेवली जाते.

समाशोधन व जमा : मंजूर व्यवहारांचा तपशील एकत्रितपणे नेटवर्ककडे पाठवला जातो. बँकांमधील देणी चुकती झाल्यावर शुल्क वजा करून उरलेली रक्कम व्यापाऱ्याला मिळते. यास सामान्यतः एक किंवा अधिक कामकाजाचे दिवस लागतात.

शुल्क

व्यापाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कास मर्चंट डिस्काउंट रेट (एमडीआर) म्हणतात. त्यातील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. उरलेला भाग नेटवर्क, व्यापाऱ्याची बँक आणि अ‍ॅग्रिगेटर यांच्यात विभागला जातो. उदाहरणार्थ, ५,००० रुपयांच्या विक्रीवर २ टक्के दर ठरला असल्यास शुल्क १०० रुपये होते. त्यावर १८ टक्के दराने १८ रुपये वस्तू व सेवा कर धरल्यास व्यापाऱ्याच्या हाती ४,८८२ रुपये पडतात. नफ्याचे प्रमाण कमी असलेल्या छोट्या विक्रेत्यासाठी ही वजावट लक्षणीय असते.

परतावा व चार्जबॅक

परतावा व्यापारी स्वतः देतो. चार्जबॅकमध्ये मात्र ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो आणि ती बँक नेटवर्कमार्फत रक्कम परत मागते. व्यापाऱ्याला ठरलेल्या मुदतीत बिल, माल पोहोचल्याची पावती यांसारखे पुरावे द्यावे लागतात. ते अपुरे ठरल्यास रक्कम जाते आणि पाठवलेला मालही बहुधा परत मिळत नाही. ‘व्यवहार मी केलाच नाही’ अशा तक्रारीत, यशस्वी पडताळणी झालेली असल्यास, नेटवर्कच्या नियमांनुसार तोट्याची जबाबदारी सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. माल न मिळणे किंवा सदोष निघणे अशा तक्रारींना हे संरक्षण लागू होत नाही.

माहितीची सुरक्षा

कार्डाची माहिती हाताळणाऱ्यांसाठी पीसीआय डीएसएस हे आंतरराष्ट्रीय मानक २००४ मध्ये तयार झाले. त्यानुसार मंजुरीनंतर व्यापाऱ्याला सीव्हीव्ही क्रमांक साठवता येत नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाचा पूर्ण कार्ड क्रमांकही जतन करता येत नाही. ग्राहकाच्या संमतीने त्याऐवजी टोकन हा पर्यायी क्रमांक वापरला जातो. टोकन विशिष्ट व्यापाऱ्यापुरते मर्यादित असल्याने ते चोरीस गेले तरी अन्यत्र वापरता येत नाही.