झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला का?

‘झाकण लावून ठेवला होता, सकाळी उघडला तर चालूच होईना, आणि रात्री केलेला हिशेब गेला.’ बचत गटाच्या वह्या लॅपटॉपवर ठेवणाऱ्या ताई ही तक्रार नेहमी करतात. पुष्कळ जणींकडे उबंटूवर, म्हणजे लिनक्सवर चालणारा जुना लॅपटॉप असतो. आज त्याच्याच झोपेबद्दल बोलू.

झाकण लावलं की लॅपटॉप बंद होत नाही, सस्पेंड होतो. म्हणजे डुलकी घेतो. पडदा आणि डिस्क थांबतात, पण रॅमला थोडी वीज लागतेच. रॅम म्हणजे पाटी समजा. वीज आहे तोवर त्यावरची अक्षरं राहतात, बॅटरी संपली की पाटी कोरी. दुसरी झोप हायबरनेटची. तिच्यात पाटीवरचं सगळं डिस्कवर, म्हणजे वहीत उतरवलं जातं आणि मग वीज पूर्ण तुटते. जिथे दिवे तासन् तास जातात तिथे हीच झोप कामाची. पण ती सगळ्याच यंत्रांवर नीट चालत नाही, म्हणून उबंटूने २०१२ सालच्या १२.०४ आवृत्तीपासून ती आपणहून देणं बंद केलं.

आधी डुलकीचं पाहू. रात्री बॅटरीचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत पाहा. खूप उतरला असेल तर टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘कॅट’ लिहा, जागा सोडा आणि पुढे ‘स्लॅश सिस स्लॅश पॉवर स्लॅश मेम अंडरस्कोर स्लीप’. उत्तरात ‘डीप’ हा शब्द चौकटी कंसात असेल तर झोप गाढ आहे. कंस दुसऱ्या शब्दाला असेल तर झोप सावध, आणि ती बॅटरी जास्त खाते. ‘डीप’ कुठेच नसेल तर त्या लॅपटॉपला गाढ झोप येतच नाही. त्याला रात्री सरळ बंद करावं, उगाच खटपट करू नये.

जागं केल्यावर पंखा फिरतो, पण पडदा काळाच? घाईने बटण दाबून धरू नका. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. अक्षरांचा पडदा दिसला तर यंत्र जागं आहे, चित्र दाखवणारा ड्रायव्हर अडकला आहे. एनव्हिडियाच्या कार्डांवर हे बरेचदा होतं. ड्रायव्हर आणि कर्नल अद्ययावत करा. अद्ययावत केल्यावरच त्रास सुरू झाला असेल, तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडून पाहा. बॅगेत लॅपटॉप आपोआप जागा होत असेल तर आधी यूएसबी माऊस काढा.

आता हायबरनेट. वही पुरेशी मोठी हवी. तिचं नाव स्वॅप. ‘फ्री’ लिहून, जागा सोडून ‘उणे एच’ लिहिलं की रॅम आणि स्वॅप दोन्ही दिसतात. रॅम ८ जीबी आणि स्वॅप २ जीबी असेल तर भरवसा ठेवू नका. रॅमइतकी तरी स्वॅप हवी. सिक्युअर बूट चालू असेल तर उबंटूचा कर्नल हायबरनेटला नकारच देतो. आणि झोपला, पण उठल्यावर सगळं नव्याने सुरू झालं, तर वही कुठे आहे हे बहुधा कर्नलला सांगितलेलं नाही. ग्रबच्या फाईलमध्ये ‘रिझ्यूम’ ही नोंद लागते. स्वॅप फाईल असेल तर तिच्या डिस्कवरच्या जागेचा आकडाही. एवढं मात्र जाणकार मुलीला समोर बसवून करून घ्या.

पहिली चाचणी सगळं काम सेव्ह करून, एक रिकामं पान उघडं ठेवून घ्या. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर लिनक्स हायबरनेट असताना विंडोज सुरू करू नका. दोन्हींची सामायिक फाईल बदलली तर लिनक्स उठल्यावर ती बिघडू शकते.