टर्मिनलची रंगक्षमता ओळखण्याचा प्रश्न

मराठी मजकुराच्या एखाद्या मोठ्या संग्रहात ‘कर’ हा धातू कोठे कोठे आला आहे हे पाहावयाचे असल्यास अभ्यासक बहुधा ‘ग्रेप’ या आज्ञावलीचा आश्रय घेतो. ‘करणे’, ‘करा’, ‘करतो’ अशा रूपांच्या ओळी पडद्यावर येतात आणि त्यांतील ‘कर’ एवढा भाग तांबडा दिसतो. ही सोय मोठीच आहे. परंतु हाच शोध रंगाची सक्ती करून एखाद्या फाइलीत साठविला आणि त्या फाइलीत पुढे ‘करणे’ हा शब्द शोधला, तर तो एकदाही सापडत नाही. तीच फाइल टर्मिनलवर जशीच्या तशी दाखविली, तर शब्द जागच्या जागी, रंगासह, स्पष्ट दिसतो. मोजणीत मात्र तो शून्य भरतो. शब्दांच्या वारंवारतेवर निष्कर्ष उभारणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हे.

याचे कारण असे की, टर्मिनलच्या व्यवहारात रंगाला मजकुराहून वेगळा मार्ग नाही. अक्षरे ज्या प्रवाहातून जातात त्याच प्रवाहात रंगाची आज्ञाही अक्षरांच्याच रूपाने मिसळलेली असते. ‘एस्केप’ हे २७ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह, त्यापुढे चौकटी कंस, मग अंक आणि शेवटी ‘एम’ हे रोमन अक्षर, अशी तिची घडण आहे. ३१ म्हणजे तांबडा, ३२ म्हणजे हिरवा, शून्य म्हणजे पूर्ववत. ग्रेपच्या मूळच्या मांडणीत ‘कर’च्या आधी ठळक तांबड्याची व नंतर रंग मागे घेण्याची आज्ञा येते, आणि प्रत्येकीच्या पाठोपाठ उरलेली ओळ पुसण्याची आज्ञा असते, या सर्वांचे मिळून १७ बाइट होतात. खुद्द ‘कर’ हा यूटीएफ-८ मध्ये अवघ्या ६ बाइटांचा! ‘करा’ या रूपात तर ‘र’ आणि त्याचा काना यांच्या मधोमध ही आज्ञा जाऊन बसते व काना आपल्या व्यंजनापासून तुटतो. रोमन लिपीच्या साध्या मजकुरात असा प्रसंग येत नाही. देवनागरीत तो पदोपदी येतो.

तेव्हा रंगाची आज्ञा पाठवावी की नाही, हे आज्ञावलीला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. ‘टर्मिनलला रंग कळतो काय?’ अशा एकाच प्रश्नाच्या स्वरूपात ही गोष्ट सामान्यतः मांडली जाते. वस्तुतः त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत : पलीकडे ग्राहक कोण आहे, त्याला ही आज्ञा कळते काय, आणि ती त्याला हवी आहे काय. पहिल्याचे उत्तर बरेचसे खात्रीने मिळते. दुसऱ्याचे मिळते ते सांगोवांगी. तिसऱ्याचे मात्र ग्राहकाने आपण होऊन सांगितल्यावाचून मिळतच नाही.

पहिल्या प्रश्नासाठी युनिक्समध्ये ‘इज-ए-टीटीवाय’ हे फंक्शन आहे. त्यातील ‘टीटीवाय’ म्हणजे टेलिटाइप, कागदावर ठोके उमटविणारे यंत्र. ते यंत्र गेले, नाव राहिले. निर्गमाचे टोक टर्मिनलला जोडलेले आहे की फाइलीला अथवा पाइपला, एवढेच हे फंक्शन सांगते. ग्रेपला रंगाबाबत ‘ऑटो’ असे सांगितले असता तो हीच कसोटी लावतो, आणि म्हणून फाइलीत साठविताना मजकूर शुद्ध राहतो. ‘ऑलवेज’ म्हटले की कसोटी रद्द होते. आरंभी वर्णिलेला घोटाळा तेथेच जन्म घेतो. येथे एक चूक वारंवार आढळते. आज्ञावलीला सामान्य निर्गम आणि त्रुटिनिर्गम असे दोन मार्ग असतात व दोहोंची टोके भिन्न ठिकाणी असू शकतात. पृच्छा पहिल्याविषयी करावयाची आणि रंग दुसऱ्याला द्यावयाचा, हे त्रुटिसंदेशांच्या नोंदी मलिन होण्याचे एक नेहमीचे कारण होय.

ही कसोटीही निरपवाद नाही. मजकूर ‘लेस’कडे पाइपने पाठविला, तर वाचणारा मनुष्यच असतो, उत्तर मात्र नकारार्थी येते. उलट ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञावली कृत्रिम टर्मिनल निर्माण करून सर्व व्यवहार फाइलीत नोंदविते; तेथे उत्तर होकारार्थी येते आणि रंगाच्या आज्ञा सुखेनैव फाइलीत उतरतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याचे मूळ इतिहासात आहे. पडद्याची टर्मिनले आली तेव्हा प्रत्येक उत्पादकाची आज्ञाभाषा निराळी होती. त्यांवर उपाय म्हणून बिल जॉय यांनी बर्कली येथे १९७८ च्या सुमारास ‘टर्मकॅप’ हा एक प्रकारचा कोश सिद्ध केला : टर्मिनलचे नाव द्यावे आणि त्याची बोली जाणून घ्यावी. पुढे त्याची जागा ‘टर्मइन्फो’ने घेतली. नाव कळविण्याचे काम ‘टर्म’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करतो. ‘टीपुट कलर्स’ अशी आज्ञा दिली असता कोशातील रंगसंख्या मिळते : ‘एक्सटर्म’ला ८, ‘एक्सटर्म-२५६कलर’ला २५६, आणि १९७८ च्या एकरंगी ‘व्हीटी१००’ला उणे एक, म्हणजे नोंदच नाही. ‘डम’ असे नाव असल्यास कोणतीही आज्ञा पाठवू नये, हा संकेत आहे.

तथापि हे नाव म्हणजे पुरावा नव्हे, ते केवळ प्रतिज्ञापन आहे. एसएसएचने दूरच्या यंत्राशी जोडले असता नाव तेथवर पोहोचते. पण त्या यंत्राच्या कोशात ते नसले, तर सगळाच व्यवहार अडतो. ही अडचण टाळण्यासाठी कित्येक नवी टर्मिनले आपले खरे नाव सोडून ‘एक्सटर्म-२५६कलर’ हेच सर्वमान्य नाव सांगतात. भेद दाखविण्यासाठी निर्माण झालेले नाव अशा रीतीने भेद दाखवीनासे झाले. मग १,६७,७७,२१६ छटा दाखविणाऱ्या टर्मिनलांनी आपली पात्रता सांगण्यासाठी ‘कलरटर्म’ हा दुसरा व्हेरिएबल काढला. त्यात ‘ट्रूकलर’ किंवा ‘२४बिट’ असे लिहिलेले असते. पण तो एसएसएचबरोबर आपोआप जात नाही, त्यामुळे दूरच्या यंत्रावर समर्थ टर्मिनलही असमर्थ ठरते.

टर्मिनललाच थेट विचारण्याचा मार्ग उपलब्ध आहे. एस्केप, चौकटी कंस आणि ‘सी’ एवढे पाठविले की ते आपली ओळख सांगते. मात्र उत्तर येते ते कळफलकाच्याच वाटेने, वापरणाऱ्याने दाबलेल्या कळांत मिसळून. आणि जे टर्मिनल उत्तरच देत नाही, त्याच्यासाठी किती वेळ थांबावे याला नियम नाही. क्षणभरात काम उरकणाऱ्या लहान आज्ञावलींना हा उपाय परवडणारा नाही. विंडोजची स्थिती या बाबतीत बरी म्हणावी लागेल. विंडोज १० पासून तेथे आज्ञावलीने कन्सोलकडे या आज्ञांचा अर्थ लावण्याची मागणी करावयाची असते. कन्सोलला ते जमत नसल्यास मागणी फेटाळली जाते. येथे निदान स्पष्ट नकार तरी मिळतो.

आणि समजा, आज्ञा कळली. तरी ‘कळली’ म्हणजे काय? ईसीएमए-४८ या मानकात मूळ आठ रंगांची केवळ नावे आहेत. प्रत्यक्ष छटा कोणती, हे ग्राहकावर सोपविलेले आहे. आयबीएमच्या जुन्या रंगीत पडद्यावर ३३, म्हणजे ‘पिवळा’, हा तपकिरी दिसत असे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आजही पिवळी अक्षरे जवळजवळ वाचता येत नाहीत, आणि पार्श्वभूमी कोणती हे आज्ञावलीला सहसा ठाऊक नसते. शब्द एकच, वाच्य वस्तू निराळी, असा हा प्रकार आहे.

तिसऱ्या प्रश्नाला २०१७ मध्ये पुढे आलेल्या ‘नो_कलर’ या संकेताने सरळ वाट करून दिली. या नावाचा व्हेरिएबल रिकामा नसेल, तर त्याचे मूल्य काहीही असो, रंग घालू नये. ज्यांना रंगभेद नीट कळत नाही किंवा रंगांनी वाचनात व्यत्यय येतो, त्यांना प्रत्येक आज्ञावलीची स्वतंत्र मनधरणी यामुळे करावी लागत नाही. आज्ञेसोबत दिलेला स्पष्ट पर्याय सर्वांत प्रबळ मानावा, त्याखालोखाल ‘नो_कलर’सारखी इच्छा, मग ‘इज-ए-टीटीवाय’, आणि ‘टर्म’ सर्वांत शेवटी, हा अनुक्रम युक्त दिसतो. संशय राहिल्यास रंग न घालणेच बरे. रंग न दिल्याने थोडी सोय हुकते, भलत्या ठिकाणी दिल्याने सामग्री बिघडते.

आधीच बिघडलेला संग्रह शुद्ध करताना संपूर्ण आज्ञा, म्हणजे एस्केपपासून शेवटच्या ‘एम’ किंवा ‘के’ या अक्षरापर्यंतचा भाग, काढून टाकावा लागतो. पुष्कळदा केवळ अदृश्य चिन्हे वगळणारे साधन वापरले जाते. त्याने एस्केप तेवढे जाते. कंस, अंक व अक्षर मजकुरात मागे राहतात आणि पुढच्या शब्दगणनेत ०१ व ३१ हे मराठी गद्यात विलक्षण वारंवार येणारे अंक म्हणून नोंदले जातात.